पोरगं यायचं बंद झालं, म्हणजे वर्ष फुकट गेलं का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी नाशिकच्या इंदिरानगरला राहतो, वय ६२. सातपूरच्या एका कंपनीत साचे-हत्यारं बनवणाऱ्या टूलरूमला सगळी नोकरी काढली, आता रिटायर आहे. मुलगा पुण्याला आयटीत. आमच्या सोसायटीचे वॉचमन सुरगाण्याकडचे, त्यांचा भाचा त्यांच्याजवळ राहून आयटीआयला टर्नर, म्हणजे लेथवरचं काम, करत होता. दर रविवारी सकाळी मी त्याला घरी बोलवून ड्रॉइंग वाचायला, व्हर्नियर-मायक्रोमीटर ही मापाची हत्यारं धरायला शिकवायचो. पहिल्या दिवशी त्याने मायक्रोमीटर सी-क्लॅम्प आवळावा तसा आवळला होता, नंतर छान हात बसला. वर्षभर आला. सेफ्टी शूज आणि स्वतःचा मायक्रोमीटर घ्यायला त्याला तीन हजार दिले, परत कधी मागितले नाहीत. आयटीआय झालं आणि दिवाळीनंतर एकदम यायचाच बंद. फोन उचलत नाही. मामा म्हणतात कॉन्ट्रॅक्टरकडे लागलाय, रूम घेऊन मित्रांबरोबर राहतो. एकदा पाथर्डी फाट्यावर दिसला, हातात नवा मोबाइल, मला बघून मान फिरवली. मला राहवलं नाही, तिथेच म्हटलं की माझा मुलगा तुझ्या वयाचा असताना रात्री दोनपर्यंत अभ्यास करायचा. मिसेस म्हणतात कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजता. मला खरंच विचारायचंय, या सगळ्याचा पोरांना काही उपयोग होतो का, की हा रिटायर माणसाचा टाइमपास? अजून एक मुलगा शिकवा म्हणून मागे लागलाय, त्याला हो म्हणू का? आणि पहिल्याला सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, क्लासला घालायचं माझ्या मनात होतं, ते बरोबर होतं का?

उत्तर:

काका नमस्कार,

तुमचा मोठा प्रश्न जरा थांबवते, आधी ते तीन हजार. तुम्ही एका वाक्यात सांगून पुढे गेलात आणि माझं लक्ष तिथंच अडकलं. तुमच्या लेखी तो विषय संपलेला आहे, दिले, मागितले नाहीत, झालं. त्याच्या लेखी तो संपलेला नसणार. ज्या घरात किराणावाल्याची उधारी थकली की पोरांना दुसऱ्या गल्लीनं शाळेत पाठवतात, त्या घरातल्या पोराला मागितले नाहीत याचा अर्थ सोडून दिले असा लागत नाही, उलट काका बोलत नाहीत म्हणजे मनात धरून बसलेत असा लागतो. तुम्ही तेव्हाच म्हणाला असता की हे तुला पास झाल्याबद्दल दिले, किंवा म्हणाला असता की पगार सुरू झाला की महिन्याला दोनशे दे, दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. काहीच न बोलल्यामुळे पोरगं मिंधं झालं. त्यात हातात हप्त्यावरचा नवा मोबाइल आणि समोरून नेमके तुम्ही! त्या वयात मीही मान फिरवली असती. त्याला माजच म्हणायची घाई करू नका.

अर्थात हा माझा अंदाज आहे, वेगळंही काही असेल, प्रेमाबिमाचं लफडं असेल, गावाकडे काही झालं असेल. पण पोरं अशी गायब होतात त्यामागे बहुतेक वेळा लाज असते, आणि ती लाज मोठी माणसं कृतघ्नपणा म्हणून वाचतात, आणि मग दोघंही आपापल्या जागी फुगून बसतात.

आता फाट्यावरचं वाक्य. ते तुम्ही बोलायला नको होतं काका, स्पष्टच सांगते. एक तर भर रस्त्यात. दुसरं म्हणजे तुलना कुणाशी केलीत? तुमचा मुलगा रात्री दोनपर्यंत बसायचा तेव्हा त्याला बसायला टेबल होतं, दार लावून घ्यायला खोली होती, मध्येच चहा देणारी आई होती, आणि ट्रिग्नॉमेट्री अडली तर शेजारच्या खोलीत टूलरूमवाला बाप होता! हे पोरगं वॉचमनच्या केबिनला लागून असलेल्या खोलीत मामा-मामी आणि त्यांच्या दोन लेकरांत झोपायचं असणार, लाइट दहाला बंद. तरी ते वर्षभर दर रविवारी आलं. रविवारी सकाळी आख्खं नाशिक मिसळीच्या रांगेत असतं, आणि हे अठरा वर्षांचं पोरगं तुमच्या डायनिंग टेबलवर बसून टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, वाचतंय, यातच त्याची लायकी दिसली की हो. ते त्याला कधी बोलून दाखवलंत का? पत्रात तरी दिसलं नाही.

बरं, उपयोग होतो का. होतो. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, यावर लोकांनी आयुष्यं घालवून अभ्यास केलेत. हवाईच्या बेटांत काउआई नावाचं एक बेट आहे, तिथं १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघींनी माग ठेवला, ती मुलं चाळिशीला येईपर्यंत. त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं पार वाईट परिस्थितीतली, गरिबी, घरात भांडणं, दारू, आईबापांची आजारपणं. सगळे म्हणणार ही वाया जाणार, आणि बरीचशी अडचणीत सापडलीही, पण त्यातल्याही तिघांतलं एक मूल व्यवस्थित निघालं, शिकलं, कामाला लागलं, घर सांभाळलं. या निभावून गेलेल्या मुलांत बाकी शंभर फरक असतील, पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, त्यांना त्यांच्यावर विश्वास टाकणारं निदान एक मोठं माणूस भेटलेलं होतं, आणि ते आईबापच असायला हवं असंही नव्हतं, कुणाला आजी, कुणाला शिक्षक, कुणाला शेजारी.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, १९९५ साली छापून आलेला. तिथं बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स म्हणून जुनी संस्था आहे, एका मुलामागे एक मोठं माणूस जोडून देते, महिन्यातनं दोनतीनदा भेटायचं, फिरायचं, गप्पा मारायच्या, इतकंच. आठ शहरांतली १० ते १६ वयाची मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एका गटाला लगेच जोडीदार दिला, दुसऱ्याला वेटिंगवर ठेवलं. दीड वर्षानं बघितलं तर जोडीदार मिळालेल्या गटात ड्रग्ज सुरू करण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी निघालं, आणि शाळा बुडवण्याचे दिवस जवळजवळ निम्मे. आणि ती मोठी माणसं अभ्यासबिभ्यास घेत नव्हती बरं का, नुसती येत होती.

पण याच आकडेवारीचं पुढं २००२ मध्ये जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी जरा खोलात जाऊन बघितलं, आणि त्यांना जे सापडलं ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी महत्त्वाचं आहे. जी जोडी वर्षभर किंवा जास्त टिकली त्यातल्या मुलांना भरपूर फायदा. जी तीन महिन्यांच्या आत तुटली त्यातल्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत आधीपेक्षा खाली गेलं! म्हणजे कुणी आलंच नसतं तर बरं, असा प्रकार. कारण ज्या पोराला आधीच वाटत असतं की आपल्यात काही राम नाही, त्याला आणखी एक माणूस उत्साहानं येऊन सोडून गेलं की तो हिशोब पक्का करून टाकतो.

मग तुमचं वर्ष फुकट गेलं का? तुम्ही तर वर्षभर टिकलात, जे भल्याभल्यांना जमत नाही. सोडून गेला तो, तुम्ही नाही, यात खूप फरक आहे. आणि त्याच्या हातात जे बसलं ते काही तुमच्याकडे परत येणार नाहीये. मायक्रोमीटर सी-क्लॅम्पसारखा आवळणाऱ्याला तुम्ही रॅचेट दाखवलं असणार, की बाबा थिंबल, म्हणजे फिरणारी नळी, धरून पिळायचं नाही, मागचं रॅचेट फिरवायचं, कटकट वाजलं की थांबायचं, आणि मोजायच्या आधी दोन्ही तोंडं पुसून झिरो बघायचा. आज तो कुठल्या का शेडमध्ये असेना, त्याच्या शेजारचा पोरगा मायक्रोमीटर आवळून चुकीचं माप लिहितोय आणि हा रॅचेट वाजायची वाट बघतोय. सुपरवायझरच्या कधीतरी लक्षात येतंच ते. तुम्हाला कळणार नाही एवढंच.

आपल्याला ना, निकाल समोर दिसायला हवा असतो, म्हणून नाशिकमध्ये गुरू म्हटलं की लगेच कविता राऊतचं उदाहरण निघतं, मीही देते. सावरपाड्याची आदिवासी मुलगी, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ, त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडला सिल्व्हर, आणि मागे साईचे, म्हणजे सरकारी क्रीडा प्राधिकरणाचे, कोच विजेंदर सिंग. पुढे चांदवडकडची संजीवनी जाधव आली, तीही त्यांचीच शिष्या. आपण ही दोन नावं घेतो, पण त्या मैदानावर पहाटे पळायला आलेली आणि ज्यांची नावं पेपरात कधीच आली नाहीत अशी पोरं किती असतील विचार करा. कुणी पोलीस भरतीला गेलं असेल, कुणी लग्न होऊन गावी. कोच काय, मेडल येणार म्हणून पोरं निवडून मग पहाटे उठत नाही, तो आधी उठतो. आणि उलटंही होतं, तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळनं सैन्यात जाईपर्यंत वल्हं हातात धरलेलं नव्हतं, आणि २०१६ ला तो रोइंगसाठी रिओ ऑलिंपिकला होता! दुष्काळी चांदवडच्या पोरात नाव चालवणारा दडलाय हे कुणी गावात बसून सांगितलं असतं का, कुणीतरी त्याला पाण्यापर्यंत नेलं म्हणून कळलं.

आता मला तुमच्याशी एका गोष्टीवर थोडं भांडायचंय. तुम्ही त्याला काय शिकवलंत, तर ड्रॉइंग, मेजरमेंट, म्हणजे जे तुम्हाला उत्तम येतं ते. चांगलंच केलंत. पण जिथे तो घसरला, म्हणजे आयटीआय झाल्यावर सरळ कॉन्ट्रॅक्टरकडे गेला, तिथे त्याला मापं घेणं कमी पडलं नाही. त्याला माहिती कमी पडली, आणि माहिती नसल्याचंही माहीत नव्हतं. कॉलेज रोडसारख्या सुखवस्तू भागातल्या पोराला बारावीनंतर काय करायचं हे सांगायला एक मामा इंजिनिअर असतो, वरच्या मजल्यावर सीए राहतो, बाबांचा मित्र एचआरला असतो, आणि हे सगळं चहा पिता पिता फुकट मिळतं, कुणी त्याला मार्गदर्शन असं नावही देत नाही. सुरगाण्याहून आलेल्या पोराच्या ओळखीत कोण? मामा वॉचमन, आणि रूमवर येऊन 'चल उद्यापासून, आधार कार्ड घेऊन ये' म्हणणारा कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. तो त्याच्याबरोबर गेला यात नवल काय.

हिशोब बघा ना त्याच्या बाजूनं. अप्रेंटिसशिपला २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याला किमान स्टायपेंड होता महिना ७,००० रुपये. कॉन्ट्रॅक्टरकडे हेल्पर म्हणून बारा तास काढले तर ओव्हरटाइम धरून त्याच्या दुप्पट सहज सुटतात. रूमचं भाडं, गावी पाठवायचे पैसे, अठरा वर्षांचं पोरगं काय निवडणार? त्याला कुणी सांगितलंच नाही की वर्षभर कमी पैशात काढून, शेवटची परीक्षा देऊन नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट हातात आलं की पुढं सरकारी आणि मोठ्या कंपन्यांच्या भरतीत ते मोजलं जातं, आणि हेल्परची तीन वर्षं कुठल्याही कागदावर येत नाहीत. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के, हा कायदा आहे, म्हणजे सातपूर-अंबडला जागा असतात, सरकारी पोर्टलवर रजिस्ट्रेशन करायचं असतं, ओझरला विमानांचा सरकारी कारखाना, एचएएल, आयटीआयवाल्यांना अप्रेंटिस म्हणून घेते. तुम्हाला हे सगळं झोपेत विचारलं तरी सांगाल. इतकं माहीत आहे की सांगायचं असतं हेच सुचलं नाही. अनुभवी माणसांचं हे नेहमीचंच.

तेव्हा पुढच्या वेळी, म्हणजे हा परत आला तरी किंवा दुसरा आला तरी, अर्धा वेळ मशीनचं आणि अर्धा वेळ दुनियेचं असं ठेवा. पगाराची स्लिप कशी वाचायची, पीएफचा यूएएन नंबर स्वतःकडे का असायला हवा, ईएसआयसी कापतात तर कार्ड कुठंय असं विचारायचं, कोऱ्या कागदावर सही करायची नाही, ग्राइंडरवर चष्मा मागितला म्हणून कुणी भित्रा म्हटलं तर म्हणू द्यायचं, इंटरव्ह्यूला येत नसेल तर 'येत नाही पण शिकेन' हे मान वर करून कसं म्हणायचं. हे शेवटचं फार अवघड असतं बघा. पोरं एकतर सगळं येतं म्हणतात नाहीतर गप्प बसतात.

आता त्याला परत कसं बोलवायचं. फोन करू नका, फोन न उचलणं सोपं असतं आणि प्रत्येक न उचललेल्या फोनगणिक त्याची लाज वाढते. मामांकरवी निरोप तर अजिबात नको, मामा चार शिव्या घालूनच निरोप देणार. व्हॉट्सअॅपवर एकच मेसेज टाका, छोटा, साधारण असा: "काय रे, कसा आहेस. नोकरी लागली कळलं, बरं वाटलं. ते तीन हजार पास झाल्याचं बक्षीस होतं, तेव्हा सांगायचं राहिलं. फाट्यावर बोललो ते मनात ठेवू नको. रविवारी दहाला मी घरीच असतो." बस्स. यात पण, तरी, मात्र काही नको. खाली ते गुलाबाचं सुप्रभात नको. निळी टिक आली आणि उत्तर आलं नाही तरी दुसरा मेसेज लगेच नको, दोनेक महिन्यांनी एखाद्या जॉबचा, म्हणजे मशीनवर करायच्या तुकड्याचा, फोटो टाका, हा कसा धरला असेल सांग म्हणून. अशा पोरांना काकांचं प्रेम वगैरे झेपत नाही, जॉबचा फोटो झेपतो.

आला तर पहिल्या दिवशी अप्रेंटिसशिपचं लेक्चर देऊ नका, कळकळीनं सांगते. शिफ्ट कुठली, मशीन कुठलं, जेवायला काय करतोस, एवढं विचारा आणि ऐका. तुम्ही लोक ऐकता कमी हो. तो म्हणेल छान चाललंय, तुम्हाला दिसत असेल की नाही चाललंय, तरी त्या दिवशी तसंच राहू द्या. तो स्वतः विचारेल की काका पुढं काय करू, तेव्हा वरचा सगळा हिशोब कागदावर मांडा, दोन्ही बाजूंचा, रूमच्या भाड्यासकट, आणि ठरवू त्याला द्या. त्यानं परत कॉन्ट्रॅक्टरच निवडला तरी रविवार बंद करायचा नाही.

आणि नाही आला तर नाही आला. तोही एक निकाल आहे, त्याला तुमच्या शिकवण्याचं सर्टिफिकेट समजू नका.

दुसऱ्या मुलाला हो म्हणण्याआधी काकूंशी बोला. त्या लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात ते मला कंजूषपणातून आलेलं वाटत नाही, त्यांनी दिवाळीनंतर तुम्हाला रविवारी दहा वाजता गॅलरीतून खाली बघताना पाहिलं असणार, आणि त्यांना तुमचं ते तोंड परत बघायचं नाहीये. शिवाय रविवारची सकाळ त्यांचीही होती, त्यांना कुणी विचारलं होतं? वार बदलून बघा, शनिवार संध्याकाळ जमते का ते. वर्षभर जमेल असं दोघांनाही वाटलं तरच हो म्हणा, मुलाकडे पुण्याला दोनदोन महिने जाणार असाल तर आधीच पोराला सांगून टाका. न जमणारं असेल तर सरळ नाही म्हणा, ते तीन महिन्यांत सोडण्यापेक्षा कितीतरी बरं. मग आठवड्याचं बांधून न घेता त्र्यंबक रोडच्या सरकारी आयटीआयला जाऊन प्राचार्यांना भेटा, म्हणा टूलरूमचा माणूस आहे, महिन्यातनं एखादा तास मेजरमेंटवर बोलतो, किंवा निमा नाहीतर आयमा या कारखानदारांच्या संघटनांच्या ऑफिसात विचारा. तेही कामच आहे, आणि त्यात कुणाला सोडून जायचा प्रश्न येत नाही.

घेतलंत तर काही गोष्टी पहिल्याच दिवशी उघड करून टाका. त्याच्या घरच्यांना भेटा, गरीब असले तरी त्यांना बोलवून चहा पाजा, त्यांना न विचारता त्यांच्या पोराचं आयुष्य ठरवायला निघालो असं व्हायला नको. बसायचं हॉलमध्ये, दार उघडं, काकू घरात असताना. यात तुमच्यावर संशय घ्यायचा प्रश्न नाही, काळच असा आहे की हे पोरासाठी बरं आणि तुमच्यासाठीही. पैशांचं एकदाच बोला, देणार की नाही, दिले तर कसले. मायक्रोमीटर तुमचा वापरायला द्या, नाव घालून, परत करायच्या बोलीवर, ते रोख पैशांपेक्षा कितीतरी सुटसुटीत. आणि नोकरीसाठी जुन्या साहेबाला फोन करायचा असेल तर गेटच्या आत जायला मिळेल इतकाच करा, 'मुलगा चांगला आहे, टेस्ट घ्या' असा. लावून घ्या म्हणालात तर तो आयुष्यभर काकांमुळे लागला असाच राहील, आणि चुकला तर तुमचीही मान खाली.

एक मात्र लक्षात ठेवा, सगळं काही तुम्ही सावरू शकणार नाही. पोरगं दारूत दिसलं, रात्ररात्र झोपत नाहीये, जगून काय करू असं काही बोललं, तर उपदेश सोडा आणि त्याला योग्य माणसापर्यंत न्या. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. वय अठराच्या आत असेल आणि कुठे मारहाण किंवा जबरदस्तीचा संशय असेल तर १०९८ चाइल्डलाइन. त्याला नंबर देऊन मोकळे होऊ नका, पहिला फोन शेजारी बसून लावा.

टाइमपासबद्दल विचारलंत तर, हो, थोडा टाइमपास आहेच की. रिटायर झाल्यावर कुणाला तरी आपल्याकडून काही हवंय हे बरं वाटतं, त्यात लाजण्यासारखं काय? फक्त ते बरं वाटणं त्या पोराकडून वसूल करायला निघू नका. त्यानं वाकून नमस्कार केला पाहिजे, पहिल्या पगाराचे पेढे आणले पाहिजेत, चारचौघांत आमच्या काकांनी शिकवलं म्हटलं पाहिजे, असली यादी मनात असेल तर ती पोरांना लांबून दिसते बरं का.

राहिला सीएनसीचा क्लास. आत्ता घालू नका, विशेषतः तुमच्या पैशानं तर नकोच, वरचं तीन हजारांचं प्रकरण बघता. गल्लोगल्लीचे क्लासवाले जी कोड, एम कोड या मशीनला द्यायच्या सूचना पाठ करून घेतात आणि सर्टिफिकेट देतात, पण पोरगं मशीनसमोर उभं राहिलं की ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, कुठं टाकायचा हे कळत नाही. त्यापेक्षा आधी काही महिने टर्निंग सेंटरवर, म्हणजे सीएनसी लेथवर, ऑपरेटर म्हणून उभं राहू दे. वीस मायक्रॉननं जॉब मोठा यायला लागला की सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, येऊन काय करतो हे रोज बघितलं, की मग प्रोग्रॅमिंग लवकर डोक्यात जातं. तेव्हाही शिकायचंच असेल तर संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचे छोटे कोर्स असतात त्यांची चौकशी करा, आणि फीचा निम्मा भाग तरी त्याच्या पगारातून जाऊ द्या. तोवर तुमच्याकडे जुनी ड्रॉइंग्ज पडली असतील ती काढा, कंपनीची नावं कापून टाका, आणि त्यावर त्याला ऑपरेशनचा क्रम लिहायला लावा, आधी फेसिंग की आधी ड्रिलिंग आणि का. हे कुठल्याच क्लासला मिळत नाही आणि तुम्हाला त्यासाठी वेगळी तयारीही करावी लागणार नाही.